श्वान प्रदर्शनाच्या रिंगणात पट्टा कोणाच्या हाती?

अमेरिकेतील न्यूयॉर्कच्या वेस्टमिन्स्टर केनेल क्लबचे श्वान प्रदर्शन १८७७ पासून भरत आहे. या प्रदर्शनाच्या अंतिम फेरीत सात गटांचे सात विजेते श्वान हिरव्या गालिच्यावर उभे असतात आणि प्रत्येकाच्या शेजारी औपचारिक पोशाखातील एक स्त्री किंवा पुरुष असतो. दूरचित्रवाणीवर हे दृश्य पाहणाऱ्यांचा स्वाभाविक समज असा होतो, की ही व्यक्ती म्हणजे त्या श्वानाची मालक. पुष्कळदा तसे नसते. मालक प्रेक्षकांत बसलेला असतो आणि तोही कुत्र्याच्या नजरेस पडणार नाही अशा जागी. कारण तो दिसला, तर कुत्र्याचे सारे लक्ष त्याच्याकडे जाईल आणि परीक्षकासमोरचे सादरीकरण बिघडेल. पट्टा ज्याच्या हाती असतो, तो मानधन घेऊन हे काम करणारा व्यावसायिक असतो. त्याला ‘हँडलर’ म्हणतात आणि हा शब्द आता भारतातील श्वानप्रेमींच्याही बोलण्यात रुळला आहे.

आपल्या कुत्र्याला मालकाने स्वतः रिंगणात न्यावे की व्यावसायिकावर सोपवावे, हा श्वान प्रदर्शनांच्या जगातील जुना वाद आहे. बाहेरून पाहणाऱ्यास तो हौशी मंडळींच्या मानापमानाचा विषय वाटण्याचा संभव आहे. तथापि, या वादाच्या मुळाशी एक गंभीर प्रश्न आहे. रिंगणात जे जिंकते, ते कुत्र्याचे गुण असतात की पट्टा धरणाऱ्याचे कसब? या प्रश्नाच्या उत्तरावर त्या त्या जातीची पुढची पिढी कशी निपजणार, हे काही अंशी अवलंबून असते.

प्रदर्शनाचा मूळ हेतू

श्वान प्रदर्शन म्हणजे सौंदर्यस्पर्धा, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक प्रजननासाठी योग्य नर आणि मादी कोणती, याची पारख करणे हा या प्रदर्शनांचा मूळ हेतू होय. प्रत्येक जातीचा एक लिखित मानदंड असतो. त्यात उंची, हाडांची ठेवण, दात, डोळे, केस, चाल आणि स्वभाव यांचे वर्णन केलेले असते. परीक्षक एका कुत्र्याची दुसऱ्याशी थेट तुलना करीत नाही; समोरचा कुत्रा आपल्या जातीच्या मानदंडाच्या किती जवळ जातो, हे तो पाहतो. नसबंदी केलेल्या कुत्र्यांना अमेरिकन केनेल क्लबच्या नेहमीच्या बांधा-परीक्षणात भाग घेता येत नाही, यावरून हा हेतू स्पष्ट व्हावा.

१८८४ मध्ये स्थापन झालेल्या या क्लबच्या नियमांनुसार ‘चॅम्पियन’ हा किताब मिळविण्यासाठी कुत्र्याला १५ गुण मिळवावे लागतात. एका प्रदर्शनात १ ते ५ गुण मिळतात आणि किती श्वानांना मागे टाकले, यावर त्यांची संख्या ठरते. तीन किंवा अधिक गुणांच्या विजयास ‘मेजर’ म्हणतात. असे किमान दोन विजय दोन वेगवेगळ्या परीक्षकांकडून मिळावे लागतात आणि उरलेल्या गुणांपैकी काही गुण तिसऱ्या परीक्षकाकडून मिळणे आवश्यक असते. एकाच परीक्षकाच्या आवडीनिवडीवर किताब अवलंबून राहू नये, अशी ही योजना आहे. किताब मिळालेल्या नराला प्रजननासाठी मागणी येते, त्याच्या पिल्लांना किंमत येते आणि काही वर्षांत त्याचे गुणदोष शेकडो घरांत पोहोचतात.

अडीच मिनिटांची परीक्षा

अमेरिकेत परीक्षकाने ताशी सुमारे २५ श्वानांचे परीक्षण करावे, अशी अपेक्षा असते. म्हणजे एका कुत्र्याच्या वाट्याला जेमतेम अडीच मिनिटे येतात. एवढ्या अवधीत परीक्षक त्याला उभा पाहतो, हाताने चाचपतो, दात तपासतो आणि नंतर त्याला सरळ रेषेत किंवा त्रिकोणात चालविण्यास सांगतो. लहान जातींची तपासणी टेबलावर होते.

हँडलरचे कसब या अडीच मिनिटांत दिसते. कुत्र्याचे चारही पाय योग्य जागी ठेवून, मान उंच आणि पाठ सरळ राहील अशा बेताने त्याला उभे करणे ही पहिली पायरी. मुठीत लपविलेल्या शिजवलेल्या काळजाच्या तुकड्याने त्याचे लक्ष वेधणे ही दुसरी. चालविताना वेगाची निवड सर्वांत महत्त्वाची असते. तोच कुत्रा किंचित जलद चालविला तर मागचे पाय फेंगडे पडल्यासारखे दिसतात आणि योग्य वेगात चालविला तर त्याची झेप डौलदार दिसते. अनुभवी हँडलर परीक्षकाची नजर कुठे आहे हे सतत पाहत असतो. तो स्वतः कुत्रा आणि परीक्षक यांच्या मध्ये येत नाही. परीक्षक रांगेच्या दुसऱ्या टोकाला असेल, तेव्हा तो कुत्र्याला विसावू देतो आणि नजर परत वळण्याच्या क्षणी त्याला पुन्हा सज्ज करतो.

याशिवाय केशभूषा हा स्वतंत्र विषय आहे. पूडल जातीच्या केसांची विशिष्ट कापणी, टेरिअर जातींचे राठ केस बोटांनी उपटून त्यांना आकार देणे, पेकिनीजचा लांब केसांचा झुपका राखणे, ही कामे शिकण्यास वर्षे लागतात. म्हणूनच भरघोस केसांच्या जातींमध्ये व्यावसायिकांचा वरचष्मा अधिक दिसतो, तर आखूड केसांच्या जातींमध्ये मालकांना तुलनेने चांगली संधी असते.

व्यवसाय कसा उभा राहिला

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रदर्शने सुरू झाली, तेव्हा धनिक मालकांच्या पदरी श्वानशाळांची व्यवस्था पाहणारे नोकर असत. तेच कुत्र्यांना रिंगणात नेत. पुढे यांतील काही जण स्वतंत्रपणे अनेक मालकांची कामे घेऊ लागले आणि हा व्यवसाय आकारास आला. १९२६ मध्ये अमेरिकेतील हँडलरांनी आपली संघटना स्थापन केली. मध्यंतरी बराच काळ केनेल क्लब हँडलरांना परवाने देत असे. १९७० च्या दशकात परवान्यांची ही पद्धत बंद झाली. तेव्हापासून मानधन घेऊन कुत्रा दाखविण्यास कोणासही मुभा आहे. मात्र श्वानशाळेची व वाहनाची तपासणी आणि आचारसंहिता मान्य करणाऱ्या हँडलरांची स्वेच्छेने नोंदणी करण्याची व्यवस्था पुढे करण्यात आली.

हा व्यवसाय अमेरिकेत विशेष फोफावण्यामागे भूगोलाचाही वाटा आहे. देश विस्तीर्ण, प्रदर्शने वर्षभर आणि प्रत्येक राज्यात. नोकरी-धंदा सांभाळणाऱ्या मालकास आठवड्यामागून आठवडे हजारो किलोमीटरचा प्रवास शक्य नसतो. हँडलर मात्र मोठ्या वाहनात डझनभर कुत्रे घेऊन एका गावाहून दुसऱ्या गावी जात असतो. प्रवास, निवास आणि खाद्य यांचा खर्च अनेक मालकांत वाटला जातो.

या व्यवसायाने असामान्य व्यक्तीही दिल्या. अ‍ॅन रॉजर्स क्लार्क यांनी १९५६ मध्ये वेस्टमिन्स्टरचा सर्वोच्च पुरस्कार एका टॉय पूडलसह जिंकला. तो जिंकणाऱ्या त्या पहिल्या महिला व्यावसायिक हँडलर होत. १९५९ आणि १९६१ मध्ये त्यांनी हे यश पुन्हा मिळविले आणि १९७८ मध्ये त्याच प्रदर्शनात त्या अंतिम फेरीच्या परीक्षक होत्या. २०२४ मध्ये सेज नावाच्या मिनिएचर पूडलसह विजयी ठरलेले काझ होसाकी यांनी चार दशकांहून अधिक काळाच्या कारकिर्दीनंतर त्याच विजयाने निवृत्ती घेतली.

मालकांची तक्रार

क्लार्क यांच्या कारकिर्दीचा उल्लेख गौरवाचा आहे, तसाच तो वादाच्या केंद्राकडेही नेतो. आजचा हँडलर उद्याचा परीक्षक होतो. रिंगणाच्या दोन्ही बाजूंची माणसे परस्परांना वर्षानुवर्षे ओळखतात. नियमांनुसार परीक्षकाने परीक्षण संपेपर्यंत प्रदर्शनाची यादी पाहावयाची नसते. हँडलरच्या दंडावर केवळ एक क्रमांक असतो आणि कुत्र्याचे व मालकाचे नाव गुप्त राहते. परंतु हँडलरचा चेहरा लपविता येत नाही. मानधन घेणारी नामांकित व्यक्ती ज्याचा पट्टा धरून आली, तो कुत्रा चांगलाच असणार, असा ग्रह परीक्षकाच्या मनात नकळतही निर्माण होऊ शकतो. ‘चेहरा पाहून निकाल दिला जातो’ ही मालकांची तक्रार यातून येते.

दुसरी तक्रार पैशाची आहे. एका दिवसाच्या प्रदर्शनासाठी हँडलरचे मानधन सामान्यतः शंभर डॉलरच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते. प्रवासाचा वाटा, केशभूषा, निवास आणि मोठ्या विजयानंतरचे बक्षीस वेगळे. राष्ट्रीय क्रमवारीत अग्रस्थानी राहू इच्छिणाऱ्या कुत्र्याच्या नावे परीक्षकांच्या वाचनात येणाऱ्या नियतकालिकांत पानभर जाहिरातीही दिल्या जातात. अशा वर्षभराच्या मोहिमेचा खर्च एक लाख डॉलरच्याही पुढे जाऊ शकतो. वेस्टमिन्स्टरच्या विजेत्यास रोख पारितोषिक मिळत नाही. म्हणजे हा खर्च परत मिळण्याची खात्री नसते आणि तो झेपणारे मालक थोडेच असतात.

व्यावसायिकांची बाजूही विचारात घेण्याजोगी आहे. नामवंत हँडलर येईल तो कुत्रा स्वीकारीत नाही. हरणारा कुत्रा दाखविल्यास त्याचीच पत कमी होते. त्यामुळे त्याच्या हाती येणारे कुत्रे आधीच निवडलेले, सशक्त आणि चांगल्या बांध्याचे असतात. त्यांचे विजय अधिक असावेत, यात नवल नाही. शिवाय मालकाच्या चुका हाही पराभवाचा एक मोठा भाग असतो. घाबरलेल्या मालकाची थरथर पट्ट्यावाटे कुत्र्यापर्यंत पोहोचते, घाईने उभे केलेले पाय वाकडे पडतात, आणि मग उत्तम कुत्राही सामान्य दिसतो. परीक्षक जे दिसेल त्याचेच परीक्षण करू शकतो, असे हँडलर म्हणतात व ते खरे आहे.

हे दोन्ही युक्तिवाद मान्य केले, तरी अडचण उरतेच. कुशल हाताने दोष झाकला गेला आणि अकुशल हाताने गुण झाकला गेला, तर दोन्ही वेळा प्रजननासाठी चुकीची निवड होते. रिंगणातील सादरीकरण पिल्लांमध्ये उतरत नाही. उतरते ती खांद्याची ठेवण, जबडा आणि स्वभाव.

स्वतंत्र स्पर्धेचा उपाय

मालकांची ही नाराजी अमेरिकन केनेल क्लबच्या ध्यानी आली होती. स्वतः पैदास केलेल्या कुत्र्याला स्वतःच दाखविणाऱ्यांसाठी वेगळा वर्ग पूर्वीपासून होता. २००९ मध्ये त्यात हौशी मालकांच्या वर्गाची भर पडली. किताब न मिळालेल्या श्वानांसाठी असलेल्या या वर्गात, ज्याने कधीही व्यावसायिक हँडलर, परीक्षक किंवा हँडलरचा मदतनीस म्हणून काम केलेले नाही अशाच मालकाला प्रवेश मिळतो.

त्यानंतर २०१० च्या दशकाच्या आरंभी क्लबने मालकांसाठी ‘नॅशनल ओनर-हँडल्ड सीरिज’ ही स्पर्धामालिका सुरू केली. मालक प्रवेशिकेवर तशी नोंद करतो आणि नेहमीच्या स्पर्धेतच भाग घेतो. जातीतील सर्वोत्तम कुत्रा निवडून झाल्यावर, त्याच फेरीत उतरलेल्या पात्र श्वानांमधून मालकाने दाखविलेला सर्वोत्तम कुत्रा निवडला जातो. पुढे गटवार आणि अखेरीस प्रदर्शनातील सर्वोत्तम, अशा फेऱ्या होतात. वर्षभराच्या गुणांनुसार प्रत्येक जातीतील आघाडीच्या श्वानांना क्लबच्या राष्ट्रीय प्रदर्शनाबरोबर होणाऱ्या अंतिम स्पर्धेचे निमंत्रण मिळते. व्यावसायिक हँडलर, त्यांच्या घरातील व्यक्ती आणि त्यांचे मदतनीस यांना या मालिकेत भाग घेता येत नाही.

या मालिकेमुळे अनेक मालक प्रदर्शनांकडे टिकून राहिले, असे समर्थक मानतात. विरोधकांचे म्हणणे असे, की हा दुय्यम दर्जाचा पुरस्कार आहे. काही परीक्षक त्याकडे सांत्वनपर बक्षीस म्हणून पाहतात आणि मुख्य फेरीत व्यावसायिकाला कौल देऊन मालकाची बोळवण या पुरस्काराने करतात, अशी त्यांची शंका आहे. मुख्य फेरीतील सर्वोत्तम कुत्रा पात्र मालकाच्याच हाती असेल, तर मालिकेतील पुरस्कारही आपोआप त्याच्याकडे जातो. असे प्रसंग किती वेळा घडतात, हीच या योजनेची खरी कसोटी होय.

सीमारेषा सरळ नाही

मालक एका बाजूस आणि व्यावसायिक दुसऱ्या बाजूस, अशी सरळ विभागणी प्रत्यक्षात नेहमी आढळत नाही. १९८० मध्ये वेस्टमिन्स्टरचा सर्वोच्च पुरस्कार जिंकणाऱ्या सिएरा सिनार या सायबेरियन हस्कीचा पट्टा पैदासकार कॅथलीन कँझलर यांची कन्या ट्रिश हिच्या हाती होता. २०२१ मध्ये विजयी ठरलेला वासाबी हा पेकिनीज डेव्हिड फिट्झपॅट्रिक यांनी स्वतः पैदास केला होता, त्याच्या मालकीत त्यांचा वाटा होता आणि रिंगणात तो त्यांनीच दाखविला. याच फिट्झपॅट्रिक यांनी २०१२ मध्ये मालाची या पेकिनीजसह हाच पुरस्कार जिंकला होता. २०२२ मधील विजेता ब्लडहाउंड ट्रम्पेट याच्या हँडलर हेदर हेल्मर या त्याच्या सहमालकही होत्या.

२००९ मधील उदाहरण अधिक बोलके आहे. त्या वर्षी दहा वर्षे वयाचा स्टम्प हा ससेक्स स्पॅनिअल सर्वोत्तम ठरला. एवढ्या वयाचा विजेता त्यापूर्वी झाला नव्हता. २००४ मध्ये तो गंभीर आजारातून वाचला होता आणि निवृत्तीचे आयुष्य आपला व्यावसायिक हँडलर स्कॉट सोमर यांच्या घरी घालवीत होता. प्रदर्शनाच्या काही दिवस आधी सोमर यांनी त्याला पुन्हा रिंगणात उतरविण्याचा निर्णय घेतला. येथे मानधन घेणारा हातच घरचा हात होता.

मात्र प्रत्येक कुत्र्याच्या वाट्याला असे घर येत नाही. हँडलरकडे सोपविलेला कुत्रा कित्येक महिने मूळ घरापासून दूर, पिंजऱ्यात आणि वाहनात काढतो. चांगला हँडलर त्याच्या व्यायामाची, खाद्याची आणि उन्हाळ्यात वाहनातील तापमानाची कटाक्षाने काळजी घेतो. तरीही कुत्रा सोपविण्यापूर्वी एकूण कुत्रे किती, मदतनीस किती आणि वाहनात वातानुकूलन बंद पडल्यास पर्यायी व्यवस्था काय, हे मालकाने प्रत्यक्ष जाऊन पाहणे आवश्यक असते.

ब्रिटन आणि भारत

ब्रिटनमध्ये चित्र निराळे आहे. तेथे अंतरे कमी, आणि बहुसंख्य स्पर्धक स्वतःचेच कुत्रे दाखवितात. किताबासाठी तीन वेगवेगळ्या परीक्षकांकडून तीन प्रमाणपत्रे मिळवावी लागतात. १८९१ मध्ये सुरू झालेल्या क्रफ्ट्स या प्रख्यात प्रदर्शनात २०२० मध्ये सर्वोत्तम ठरलेली मेझी ही राठ केसांची डॅक्सहुंड तिच्या मालक किम मॅकॅल्मंट यांनीच दाखविली होती. व्यावसायिक हँडलर तेथेही आहेत. परंतु मालकाने स्वतः रिंगणात उतरणे ही तेथील सर्वसामान्य रीत आहे.

भारतात चेन्नई येथे मुख्यालय असलेल्या केनेल क्लब ऑफ इंडियाच्या नियमांखाली प्रदर्शने भरतात. त्यांचा मोसम प्रामुख्याने हिवाळ्यात असतो आणि परीक्षक म्हणून परदेशी तज्ज्ञांनाही पाचारण केले जाते. चेन्नई, कोलकाता, दिल्ली, मुंबई, पुणे ही अंतरे लक्षात घेता अमेरिकेसारखीच परिस्थिती येथेही आहे. परदेशातून आणलेल्या महागड्या जातींचे मालक बहुधा हँडलरचीच मदत घेतात.

भारतीय जातींच्या बाबतीत मात्र मालकाच्या हाताला विशेष महत्त्व आहे. मराठवाड्यात सशाच्या शिकारीसाठी पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेलेली कारवान ही जात, तसेच कर्नाटकातील मुधोळ आणि तमिळनाडूतील राजापलयम या आखूड केसांच्या जाती आहेत. त्यांना केशभूषेचा खर्च जवळपास नसतोच. मात्र कारवान परक्याचा स्पर्श सहजासहजी सहन करीत नाही. परीक्षक तर तिचे दात, खांदे आणि पाठ हाताने तपासणार. अशा वेळी लहानपणापासून सांभाळणाऱ्या मालकाच्या शेजारी ती जेवढी निर्धास्त उभी राहील, तेवढी आठवड्यापूर्वी भेटलेल्या हँडलरपाशी राहीलच असे नाही. पिल्लू तीन-चार महिन्यांचे असल्यापासून ओळखीच्या आणि अनोळखी माणसांकडून त्याला रोज हाताळून घेणे, दात पाहू देण्याची सवय लावणे आणि सैल पट्ट्यावर सरळ चालविणे, एवढी तयारी शेतकरी मालकालाही घरच्या अंगणात करता येते.

शिकण्याची वाट

मालकाला हे कसब शिकता येते, याचा पुरावा व्यावसायिकांनीच दिलेला आहे. अमेरिकेत मुलांसाठी होणाऱ्या हँडलिंग स्पर्धांचा पाया १९३० च्या दशकात घातला गेला आणि त्यात लिओनार्ड ब्रम्बी या व्यावसायिक हँडलरचा पुढाकार होता. आज ९ ते १८ वर्षे वयाची मुले या स्पर्धांत भाग घेतात. तेथे कुत्र्याच्या बांध्याला गुण नसतात. मुलाने त्याला किती सफाईने आणि किती आपुलकीने सादर केले, एवढेच पाहिले जाते. अनेक नामवंत हँडलर याच स्पर्धांतून पुढे आले.

हँडलर नेमावा की नेमू नये, याचे एकच उत्तर सर्वांना लागू पडणार नाही. वृद्धापकाळ, आजारपण, नोकरी किंवा केशभूषेची अवघड जात असेल, तर हँडलरची मदत घेण्यात कमीपणा नाही. ज्यांना वेळ आहे, त्यांनी आरशासमोर कुत्रा उभा करून पाहणे, आपल्या चालविण्याचे चित्रीकरण तपासणे आणि पराभवानंतर परीक्षकाला आदराने कारण विचारणे, यांतून पुष्कळ साध्य होते. प्रदर्शने भरविणाऱ्या संस्थांची जबाबदारी याहून मोठी आहे. मालकांसाठी स्वतंत्र पुरस्कार ठेवल्याने त्यांचा हिरमोड कमी होईल. परंतु पुढच्या पिढीचे पितृत्व मुख्य रिंगणातील निकालाने ठरते. तेथे परीक्षकाची नजर पट्ट्याच्या वरच्या टोकाला न जाता खालच्या टोकाला स्थिर राहते की नाही, याची तपासणी त्या संस्थांनाच करावी लागेल.